तिकडे जेवलीस का?

"घ्या वास," कल्याणी म्हणाली.

तिने प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडली आणि पिशवी सोनटक्क्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली. आत लहान मुलीचा फ्रॉक होता. निळ्या फुलांचा, गळ्यापासून खाली माखलेला. सोनटक्क्यांनी खुर्ची मागे घेतली. मी पंचिंग मशीन मागायला म्हणून त्यांच्या खोलीत आले होते, ती दारातच थबकले.

"मॅडम, दिसतंय ना. वास कशाला..."

"दिसतंय त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून मुद्दाम धुतला नाही. आंबट वास येतोय बघा. उपाशी पोटाचं पित्त आहे ते. दिवसभर तिकडे पोरीला काही मिळत नाही. घरी येते, मी पोटभर वाढते, आणि तासाभरात सगळं बाहेर. दर रविवारी हेच. आठ वर्षांची पोर आहे हो, सोनटक्के सर. कुत्र्यालासुद्धा माणूस वेळेवर घालतो."

"तिकडे जेवायला मिळत नाही, असं मनवा म्हणते?"

"मी दारातच विचारते ना. तिकडे जेवलीस का? नाही म्हणते. मान खाली घालून. तिच्या आज्जीला विचारा म्हणावं, नात आली तर एक पोळी जास्त लाटायला हात मोडतात का." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही त्या माणसाच्या बाजूच्या ना?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही," मी म्हटलं. हे वाक्य आम्ही दिवसातून इतक्यांदा म्हणायचो की त्याची चव गेली होती.

"पिशवी ठेवून जाऊ?" तिने उठताना विचारलं.

"नको!" सोनटक्के इतक्या घाईने म्हणाले की मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर पडावं लागलं.

आमचं सल्ला केंद्र म्हणजे नाशकात शालिमारच्या मागच्या गल्लीत, शिलाई मशीनच्या दुकानावर दोन खोल्या आणि मधे एक बोळ. ज्यांचं भांडण घटस्फोटानेही मिटण्यासारखं नसे अशी जोडपी कोर्ट आमच्याकडे पाठवायचं. सोनटक्के या विषयातलं रीतसर शिकलेले. मी बालवाडी चालवता चालवता इकडे आले, आणि जे काही आलं ते लोकांचं ऐकून आणि वाचनालयातली पुस्तकं घरी नेऊन आलं. आमची कामाची वाटणी उलटी होती. बायका सोनटक्क्यांकडे, पुरुष माझ्याकडे. बाईला समोर बाई मिळाली की पाच मिनिटांत "तुम्हाला काय सांगायचं ताई, तुम्ही पण बाईच" सुरू होतं. पुरुषाला पुरुष मिळाला की दोघं मिळून उसासे टाकतात. म्हणून उलटं.

आणखी एक रीत होती. दुपारचा चहा एकत्र घ्यायचा, आणि कप रिकामा होईपर्यंत दुसऱ्याच्या माणसाची वकिली करायची. म्हणजे मी कल्याणीची, सोनटक्क्यांनी तिच्या नवऱ्याची, योगेशची. सोनटक्के देहाने भारी आणि चहाच्या बाबतीत सावकाश, त्यामुळे वकिली बऱ्यापैकी लांबायची. ही रीत त्यांनीच काढली होती. "आपण भांडणाच्या गावात राहतो, वासंतीताई," ते म्हणायचे, "अंगाला धूळ लागणारच. रोज झटकायची."

योगेश कोठावदे माझ्याकडे दुसऱ्या दिवशी आला. अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आवाज कधी चढायचा नाही. बायकोचं नाव तोंडात येऊ देत नसे. ती "तो माणूस" म्हणायची, हा "त्या मॅडम" म्हणायचा.

"त्या मॅडमनी आता नवीन काढलंय," तो म्हणाला. "म्हणे मी पोरीला उपाशी ठेवतो. हे बघा."

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर मनवा पाटावर बसून वांग्याची भाजी आणि भाकरी खात होती. गाल फुगलेले. मागून म्हाताऱ्या आवाजात, "घे माय, अजून घे, लाजू नको."

"कशी तुटून पडलीय बघा. हे उपाशी पोरीचं खाणं आहे की नाही? स्कूटरवर बसवली की माझा पहिला प्रश्न असतो, जेवून निघालीस का? नाही म्हणते. दर रविवारी. माझी आई तर डोळ्यांना पदर लावते. म्हणते, आईच्या घरात राहून पोर उपाशी. मुद्दाम करतात ताई हे. पोरीने दिवसभर किरकिर करावी आणि मीच कंटाळून म्हणावं, नका पाठवू."

"आणि रात्रीच्या उलट्या?"

"माझ्याकडे तर ठणठणीत असते. परत पाठवताना आई तिला गरम थालीपीठ लावून देते. हसत जिना उतरते. तिथे गेल्यावर काय घालतात, कोण बघतंय?"

मी ती चित्रफीत दोनदा पाहिली. मला भूक दिसली. पोर दर घासानंतर मोबाइलकडे, म्हणजे मोबाइलमागच्या बापाकडे बघत होती, हेही दिसलं, पण त्याचं काही करावं असं तेव्हा सुचलं नाही.

कल्याणीने कोर्टात अर्ज केला होता. मुलीच्या तब्येतीला धोका आहे, रविवारच्या भेटी बंद कराव्यात. कोर्टाने आमचं मत मागवलं होतं आणि पुढच्या गुरुवारी तारीख होती. आम्ही काय म्हणू त्यावर बरंचसं ठरणार होतं. अशा भेटी एकदा बंद झाल्या की पुन्हा सुरू करता करता पोर केवढं तरी मोठं होतं. बाप समोर आला की अनोळखी माणसाला करावा तसा नमस्कार करतं. आम्ही दोघांनी ते पाहिलं होतं.

चहाला बसलो. कल्याणीची वकिली माझ्याकडे. मी सुरुवात बरी केली. नोकरी करून एकटीने पोर सांभाळते, माहेरी भावजयीचं तोंड सांभाळते... आणि पुढचं वाक्य तोंडातून निघालं ते असं, "पण काही म्हणा, नाटकं फार करते."

सोनटक्क्यांनी बशी खाली ठेवली. "कप संपला?"

"आहे अजून."

"मग हे काय होतं?"

"फ्रॉक घरात दोन दिवस न धुता ठेवायचा म्हणजे नाटक नाही तर काय? आई आहे की पंचनामा करणारा हवालदार?"

"आणि पोरगी जेवत असताना तिच्या तोंडापुढे मोबाइल धरतो, तो कोण? तुम्हाला त्याचा इस्त्रीचा शर्ट दिसतो, वासंतीताई. इस्त्री केलेल्या माणसावर तुमचा फार लवकर विश्वास बसतो."

"आणि तुमचा फ्रॉक हुंगून बसतो."

ते उठले. कप अर्धा होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चहा त्यांच्या खोलीत, माझा माझ्या. बोळात समोरासमोर आलो तर दोघंही भिंतीकडे सरकून एकमेकांना वाट द्यायचो, एखाद्या बंगल्यातल्या दोन जावांसारखी.

तारीख जवळ आली तेव्हा मनवाशी बोलायचं ठरलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर कल्याणी तिला सोडून बाजारात गेली. आधी ती माझ्याकडे बसणार होती, मग सोनटक्क्यांकडे. एकत्र बसायला हवं होतं खरं तर, पण एकत्र बसण्याइतके आम्ही बोलत नव्हतो.

बारीक चणीची पोर. दोन वेण्या, एका रिबिनीची गाठ सुटलेली. मी घरून डबाभर पोहे आणले होते. ती शाळेतून येणार म्हणून. खोटं कशाला सांगू, मनात हेही होतं की बघूया, आई उपाशी ठेवते का.

"सकाळपासून काही खाल्लंस का गं मनू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नीट, सावकाश. "नाही."

"आईने डबा नाही दिला?"

"नाही."

माझ्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. मी डबा उघडून दिला. तिने सगळे पोहे खाल्ले, शेंगदाणे शेवटी वेचून खाल्ले. मग आम्ही सापशिडी खेळलो. बाबांबद्दल विचारलं, आईबद्दल विचारलं. दोघं चांगले आहेत म्हणाली. मला साप लागला की माझ्यापेक्षा तिलाच वाईट वाटायचं. मग ती बोळ ओलांडून पलीकडे गेली.

तासाभराने माझं दार धाडकन उघडलं. दारात सोनटक्के.

"शरम वाटते का?" ते म्हणाले. आठ वर्षांत ते माझ्याशी या आवाजात बोलले नव्हते.

"कशाची?"

"भांडण तुमचं माझ्याशी. पोरीने काय केलं तुमचं? भुकेली पोर तासभर समोर बसवलीत, सापशिडी खेळलात, आणि एक बिस्कीट दिलं नाहीत!"

"कोण म्हणालं?"

"ती म्हणाली! मी विचारलं, वासंतीमावशीने काही खायला दिलं का? नाही म्हणाली. मी माझा डबा दिला तिला. दोन पोळ्या, मेथीची भाजी, वर बायकोने दिलेले दाण्याचे दोन लाडू. सगळं संपवलं. इतकी भूक लागली होती तिला!"

मी मागे वळून खिडकीतला डबा घेतला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण काढलं. तळाला कढीपत्त्याची पानं आणि मिरचीचे दोन तुकडे.

"काय होतं?"

"पोहे. काठोकाठ."

"तुम्ही खाल्लेत."

"मी एक चमचा खाल्लेला नाही, सोनटक्के."

ते डब्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांच्या कपाळावर हळूहळू घाम आला.

"मग माझे लाडू..."

"त्याच पोटात."

"अगं आई गं," सोनटक्के म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

मनवा बोळातल्या बाकावर होती. पाय वर घेऊन, गुडघे पोटाशी धरून. चेहरा पांढरा पडला होता. सोनटक्क्यांनी खालच्या दुकानातून चिमूटभर ओवा मागून आणला, मीठ लावून तिच्या तळहातावर ठेवला आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मी तिच्याशेजारी बसले.

"काकांचे लाडू कसे होते?"

"छान."

"आणि माझे पोहे?"

"छान."

"पोटात मावले सगळे?"

तिने मान हलवली. नाही.

"मग का खाल्लेस?"

"काकांनी विचारलं."

"काय विचारलं?"

"मावशीने दिलं का म्हणून."

"मग दिलं होतं की मी."

ती ओव्याचा एकेक दाणा तोंडात टाकत राहिली. "दिलं म्हटलं की चेहरा असा होतो," ती म्हणाली, आणि तिने ओठ आवळून, डोळे बारीक करून दाखवले. क्षणभर मला समोर कल्याणी बसल्यासारखी वाटली. "आणि नाही म्हटलं की असा." भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, मान किंचित डोलली. या खेपेला योगेश. नाही, सोनटक्के. की आणखी कुणी, ते मला ठरवता येईना.

"कुणाचा होतो असा?"

"सगळ्यांचा." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचा पण झाला. डब्याचं विचारलंत तेव्हा. आईने दिला होता डबा. घावन होतं."

भिंतीपाशी सोनटक्क्यांनी घसा खाकरला.

"मावशी, आईला सांगू नका हं."

"का गं?"

"तिला वाटेल मी तिकडे जेवते."

"आणि बाबांना?"

"त्यांना वाटेल मी इकडे जेवते."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "तू सांगितलंस ते नाही सांगणार."

त्या दिवशी ती गेल्यावर आमचा चहा बऱ्याच दिवसांनी एका टेबलावर आला. कुणीच कुणाची वकिली केली नाही.

"अहवालात काय लिहायचं?" सोनटक्क्यांनी विचारलं. "मुलगी खोटं बोलते असं लिहिलं, तर दोघांचे वकील उद्या तेच वाक्य घेऊन नाचतील. हा म्हणेल तिने शिकवलं, ती म्हणेल त्याने शिकवलं. पोरीचं जगणं मुश्कील करतील."

"आणि नाही लिहिलं तर भेटी बंद."

"आणि तुम्ही तिला शब्द देऊन बसलात."

"तिने सांगितलं ते नाही सांगायचं. आपलं आपण सांगू शकतो की."

सोनटक्क्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकदम कपाळाला हात लावला. "दोघांपुढे? एका खोलीत? वासंतीताई, गेल्या वेळी आपण असं जोडपं एकत्र बसवलं होतं तेव्हा स्टेपलर कुणाला लागला होता?"

"तुम्हाला."

"हां. आठवण असू द्या."

बुधवारी दुपारी दोघांना बोलावलं. मनवा शाळेतून आईबरोबर आली. तिला माझ्या खोलीत कागद-रंग देऊन बसवलं आणि आम्ही मोठी माणसं सोनटक्क्यांच्या खोलीत बसलो. टेबलावरचा स्टेपलर सोनटक्क्यांनी खणात टाकला. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, तोंडं आमच्याकडे. कल्याणीने आपली खुर्ची वीतभर बाजूला ओढली. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. योगेशच्या हातातही पिशवीत डबा होता. पोर येणार म्हणून दोघंही घेऊन आले होते.

"कंपनीने सोडलं वाटतं आज," कल्याणी छताकडे बघून म्हणाली. "शाळेच्या गॅदरिंगला सोडलं नव्हतं."

"त्या मॅडमना सांगा, गॅदरिंगची तारीख आदल्या रात्री कळवल्यावर कंपनी सोडत नाही," योगेश मला म्हणाला.

"आज आम्ही बोलणार आहोत," सोनटक्के म्हणाले. "तुम्ही फक्त ऐका. भांडण आमचं आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आमचा तुटलेला चहा सांगितला. फ्रॉक आणि इस्त्रीचा शर्ट सांगितला, तेव्हा योगेशने नकळत कॉलरला हात लावला. मग पोहे सांगितले, मेथीची भाजी सांगितली, लाडू सांगितले. शरम वाटते का, हेही सांगितलं, त्याच आवाजात. सांगणारा माणूस जाडजूड आणि गंभीर असला की गोष्ट जास्तच हसवते. योगेश आधी हसला. मग कल्याणीच्याही तोंडाचा कोपरा हलला.

"म्हणजे तुम्ही दोघं भांडलात? पोह्यांवरून?" योगेश म्हणाला.

"आणि हे आपल्याला सांगणार कसं वागायचं ते," कल्याणी म्हणाली. "आपल्याला" म्हणून गेली आणि गप्प झाली.

खाली दुकानात कुणीतरी मशीन चालवून बघत होतं. ते थांबलं.

"पण तिने 'नाही' असं का सांगितलं?" कल्याणीने विचारलं. आवाज बदलला होता. "पोहे खाल्ले होते तर नाही कशाला म्हणायचं?"

"ते तिला नका विचारू," मी म्हटलं. "सोनटक्क्यांना विचारा. ती नाही म्हणाली तेव्हा त्यांना काय वाटलं."

हे आमचं ठरलं नव्हतं. सोनटक्क्यांनी माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली. मग टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "बरं वाटलं."

त्यांनी काचेवरचा चहाचा डाग बोटाने पुसला.

"पोर भुकेली आहे म्हणते, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, मी म्हणतच होतो. बाई तशीच आहे."

"मलाही वाटलं," मी म्हटलं. "त्याच दिवशी. तुमच्याबद्दल, कल्याणी."

योगेश आपल्या डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता. गुंडाळायचा, सोडायचा. कल्याणी समोर बघत होती, पण आमच्याकडे नाही. तिचे ओठ किंचित हलत होते, हिशेब लावताना माणसाचे हलतात तसे. मग ती वळली. खुर्चीसकट नाही, नुसती मान.

"तुम्ही तिला किती वाजता वाढता? रविवारी?"

दोन वर्षांत ती त्याच्याशी सरळ बोललेली ही पहिली गोष्ट असावी. योगेशला आधी कळलंच नाही की प्रश्न त्याला आहे.

"आल्या आल्या," तो म्हणाला. "ती म्हणते ना, जेवले नाही."

"मी वाढूनच पाठवते. वरण, भात, तूप, भाजी. तिकडे धड मिळेल न मिळेल म्हणून दोन घास जास्तच."

"आई भाकरी करते. आणि दुपारी शिरा."

"शिरा?"

"रव्याचा. मनूला आवडतो म्हणून."

"आणि निघताना?"

"थालीपीठ. लोणी असतं बरोबर." तो थांबला. "तू... तुम्ही घरी गेल्यावर?"

"पुन्हा सगळं. वरण-भात, पोळी. दिवसभर उपाशी म्हणून मी समोर बसून घालते. नको म्हणाली तर रागावते."

एवढं बोलून ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. योगेशने खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं, थोडा वेळ आवाज न करता बघितलं. मग अंगठ्याने ते पुसून टाकलं. चित्रफीतच असणार. मी विचारलं नाही.

"बोलावू का तिला?" सोनटक्क्यांनी विचारलं.

मनवा आली ती दारातच थांबली. आई आणि बाबा एका खोलीत. तिची नजर दोघांच्या हातांवर गेली. एक डबा, दुसरा डबा. ती आपली खाली वाकून चपलेचा बंद काढायला लागली, जेवायला बसायच्या तयारीने. काढता काढता एक मोठा श्वास घेतला. एवढ्याशा पोरीने ओझं उचलायच्या आधी घ्यावा तसा.

कल्याणी खिडकीपासून वळली. डबा उघडायला हात सवयीने झाकणावर गेला होता, तो तिथेच राहिला.

"मनू," ती म्हणाली. "भूक लागलीय का तुला?"

मनवाने आईकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग सोनटक्क्यांकडे, मग माझ्याकडे. एकेका चेहऱ्यावर थांबून, शाळेत फळ्यावरचं वाचतात तसं. आम्ही चौघांनी चेहरे जमतील तेवढे कोरे ठेवले. सोनटक्क्यांना ते फार जड गेलं, त्यांची एक भुवई थरथरत होती.

"विचारतेय ती," योगेश म्हणाला. "असेल ते सांग. काही होत नाही."

मनवाने आणखी एकदा आईचा चेहरा पाहिला.

"नाही," मनवा म्हणाली. "शाळेत डबा खाल्ला सगळा. पोट भरलंय."

"बरं," कल्याणी म्हणाली.

"बरं," योगेश म्हणाला.

पोर तशीच उभी. "एक घास तरी" असं कोण म्हणतंय याची वाट बघत. योगेशने तोंड उघडलं आणि मिटलं. कल्याणीने डबा पाठीमागे धरला, जणू तो दिसला तरी चुकून काही बोललं जाईल. आपल्याकडच्या माणसाला न वाढता गप्प बसणं किती कठीण आहे, ते मी त्या दोघांकडे बघून शिकले.

"मग मी चित्र पुरं करू?" मनवाने विचारलं, आणि उत्तर न ऐकता पळाली. एका पायात चप्पल घालून.

गुरुवारी कल्याणीने अर्ज मागे घेतला. घटस्फोट मात्र झाला, तो व्हायचाच होता. त्या दोघांत भांडायला पुष्कळ शिल्लक होतं आणि ती दोघं ते पुढेही नेकीने भांडली. आम्ही चहा पुन्हा एकत्र प्यायला लागलो.

पुढच्या सोमवारी कल्याणी आली तेव्हा सोनटक्के बाहेरगावी गेले होते. "तुमच्याशी बोललं तर चालेल का?" तिने दारातून विचारलं. वाटणी उलटी असली तरी मी तिला बसवलं. ती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली.

"काल आली ती," ती म्हणाली. "दारात मी काही विचारलं नाही. जीभ चावून धरली होती. ताट पण नाही घेतलं. म्हटलं, भूक लागली की सांग. नाही सांगितलं तिने. दूध पिऊन झोपायला गेली."

"उलटी?"

"नाही." तिने पर्सची साखळी उघडली, लावली. "झोपताना आपण होऊन म्हणाली, आई, बाबांकडे आज आज्जीने पुरणपोळी केली होती. मी दोन खाल्ल्या. अशी टक लावून बघत होती माझ्याकडे, अंधारात. दिवा बंद केला होता म्हणून वाचले मी, ताई."

"मग?"

"मग काय. मोरीत जाऊन नळ सोडून रडले जरा. माझ्या हातच्या तिने कधी दोन खाल्ल्या नाहीत." ती थांबली. "मग परत आले. तिच्याशेजारी पडले. विचारलं, तूप होतं का वर?"

"होतं?" मी विचारलं.

"होतं म्हणाली. भरपूर होतं म्हणाली."